मुलाबाळांसह पहिला परदेशप्रवास



एके काळी आपल्या ज्ञातीत प्रवास म्हणजे महालक्ष्मीची यात्रा आणि फार तर पंढरपूर वा काशी, एवढाच पल्ला असे. आज चारोटी नाक्यावरून मुंबईकडे धावणाऱ्या गाड्या पाहून आपली मुले विचारतात, ‘आपण परदेशी केव्हा जाणार?’ हा हट्ट आम्हांस गैर वाटत नाही. नकाशावर शिकविलेला देश डोळ्यांनी पाहिला, म्हणजे तो जन्मभर विसरत नाही. प्रश्न एवढाच, की ही हौस कर्जाविना कशी पुरवावी?

लग्नकार्यासाठी ऋण काढू नये, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. सहलीसाठी हप्ते बांधून घेणे हे त्याच ऋणाचे धाकटे भावंड होय. सहल आठ दिवसांत सरते. हप्ते मात्र जून महिन्यात, वह्यापुस्तकांच्या व गणवेशांच्या वेळी, दारात उभे राहतात. म्हणून आधी संचय, मग प्रवास, हा क्रम असावा आणि पहिला देश जवळचा निवडावा. आमच्या मते तो नेपाळ होय.

याची कारणे पाहा. भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यास व्हिसा लागत नाही. पासपोर्टही सक्तीचा नाही. निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. चौघांच्या कुटुंबाचे पासपोर्टचे सुमारे ५००० रुपये येथेच वाचतात. लहानांचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, म्हणून तो गरज पडेल तेव्हाच काढावा. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. १५ वर्षांखालील मुलांस व ६५ वर्षांवरील वडीलधाऱ्यांस आधारकार्ड चालते; मधल्या वयाच्या माणसांस ते चालत नाही. आईबापांनी मतदार ओळखपत्र घरी विसरून कसे चालेल?

आता मार्ग. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरला थेट गाडी आहे. हा प्रवास ३० तासांहून अधिक आहे. गोरखपूरहून सुमारे १०० किलोमीटरवर सोनौलीची सरहद्द लागते. पाच वर्षांखालील मुलास रेल्वेचे भाडे नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास वेगळी शायिका न घेतल्यास अर्धे भाडे पडते; परंतु इतक्या लांबच्या प्रवासात मुलास झोपण्यास जागा न देणे ही काटकसर नव्हे. हिमशिखरे दिसावयास दिवाळीची सुटी उत्तम. मात्र छटपूजेमुळे त्या वेळी गाड्यांना अतोनात गर्दी असते. म्हणून आरक्षण ६० दिवस आधी, खुले होईल त्याच दिवशी करावे.

सारे काही एकाच खेपेत पाहण्याचा मोह टाळावा. लहान मुलाची शक्ती हेच प्रवासाचे माप समजावे. लुंबिनी आणि पोखरा एवढे पुरे. लुंबिनीस बुद्धजन्मस्थानी अशोकाचा शिलास्तंभ आहे. पोखऱ्यास फेवा सरोवर आहे. घरातील आजीस पशुपतिनाथाची ओढ असेल, तर पोखरा सोडून काठमांडूस जावे. दर दोन दिवसांनी एक दिवस विसाव्याचा ठेवावा. ताप व जुलाब यांवरील नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारून बरोबर घ्यावीत. पाणी उकळलेले वा बंद बाटलीचे द्यावे.

आपल्या १०० रुपयांचे तेथे १६० नेपाळी रुपये होतात. हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. त्रैराशिक आपोआप पक्के होईल. जवळ शंभराच्या नोटा बाळगाव्यात, कारण मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. असे का, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा.

बंधुभगिनींनो, दूरच्या देशी गेल्याने घराण्याची प्रतिष्ठा वाढते, ही समजूत सोडून देऊ या. ज्या प्रवासाहून परतल्यावर कोणाचेही देणे उरत नाही, तोच खरा सुखाचा प्रवास. येत्या पाडव्यापासून घरोघरी एक डबा त्यासाठी वेगळा ठेवावा आणि मुलांनीही आपल्या खाऊचे पैसे त्यात टाकावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.