जुन्या संगणकास नवें आयुष्य

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा जुना संगणक कोपऱ्यांत पडून असेल. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि विंडोज ११ कित्येक जुन्या यंत्रांस मानवत नाहीं. तथापि असें यंत्र भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं एका पेनड्राइव्हचा प्रयोग अवश्य करून पाहावा.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं रचिला. त्यावर उभारलेल्या अनेक प्रणालींपैकीं लिनक्स मिंट ही नवशिक्यास सोईची असून ती विनामूल्य मिळते. तिला निदान २ जीबी रॅम व डिस्कवर २० जीबी जागा लागते. ४ जीबी व १०० जीबी असल्यास अधिक बरें.

मिंटच्या संकेतस्थळावरून तिची फाइल उतरवून घ्यावी व सोबत दिलेला पडताळणीचा आंकडा जुळवून पाहावा. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाहीं. रूफस किंवा एचर यांसारख्या साधनानें ती लिहावी लागते. तेव्हांच संगणक तिच्यावरून सुरू होतो. पेनड्राइव्हवरील पूर्वींचें सर्व कांहीं यांत पुसलें जातें. नंतर संगणक चालू होतांच एफ-१२, एस्केप किंवा त्या बनावटीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडावा.

आतां प्रणाली पडद्यावर दिसूं लागते. परंतु डिस्कला अद्याप हात लागलेला नसतो. घर भाड्यानें घेण्यापूर्वीं त्यांत चार दिवस राहून पाहावयास मिळावें, तशीच ही सवलत होय. वायफाय, ध्वनि, छपाई हीं नीट चालतात कीं नाहीं, हें येथेंच तपासावें.

खरी जोखीम पुढें आहे. डिस्क संपूर्ण पुसावयाची, कीं विंडोजच्या शेजारीं जागा करावयाची, असें प्रणाली विचारते. येथें घाईनें उत्तर दिल्यास लग्नाचीं छायाचित्रें, दिवंगत आईचा जपून ठेवलेला आवाज, निवृत्तिवेतनाचीं कागदपत्रें, सारें एका क्षणांत नाहींसें होतें. म्हणून ह्या सर्वांची प्रत निराळ्या डिस्कवर आधींच घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करावी. स्थापनेचें काम बहुधा तासाभरांत आटोपतें. प्रत घेण्यास सारी संध्याकाळ गेली तरी ती व्यर्थ गेली असें कोणीं मानूं नये.