वॉरंटी नाकारली? आधी ते लिहून घ्या

तर झालं असं, माझा लॅपटॉप आठ महिन्यांतच बंद पडला. ६२ हजारांचा, आणि त्याचे चार हप्ते अजून बाकी. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. बोर्डाचे २८ हजार होतील." पाणी? मी भांडलो, कस्टमर केअरला सात फोन केले. हाती काहीच नाही, कारण सगळं तोंडी.

आम्ही डेव्हलपर लोक लॉग नसलेल्या बगला हात लावत नाही. आणि स्वतःच्या वेळी मी एक कागद मागितला नव्हता! दुसऱ्या दिवशी परत गेलो. म्हटलं, नकाराचं कारण जॉबशीटवर लिहा आणि पाणी कुठे दिसतंय त्याचा फोटो द्या. तो टाळायला लागला. मी काउंटरवरूनच कंपनीला मेल टाकला: आज अमुक वाजता फोटो मागितला, दिला नाही. हा मेल पुढे फार कामाला आला.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण आदेश देऊ शकत नाहीत. मला उत्तर आलं, 'ग्राहकाची चूक'. ठीक आहे, हेही लेखीच झालं ना!

आता खरा रस्ता: जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथेच तक्रार करता येते. म्हणजे कंपनी बेंगळुरूची असली तरी साताऱ्याचा माणूस साताऱ्यातच लढणार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज. मुदत दोन वर्षं. कंपनीबरोबर दुकानदारालाही पार्टी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. 'पाणी गेलंय' यावरच वाद असेल तर आयोग वस्तू लॅबकडे तपासायला पाठवू शकतो. फक्त त्याआधी बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका, पुरावाच जाईल.

खोटं कशाला सांगू, कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून मी आधी नोटीस पाठवली. सक्ती नाही, पण पाठवावी. एक पान, स्पीड पोस्टाने: बिल, जॉबशीट, तो मेल, आणि १५ दिवसांत दुरुस्ती नाही झाली तर आयोगात जातोय.

बाराव्या दिवशी फोन आला. बोर्ड फुकट बदलून मिळाला. मेलमध्ये लिहिलं होतं, 'गुडविल म्हणून'. असू दे. तो मेलही मी सेव्ह करून ठेवलाय.