जोडीचे दुसरे नाव
(व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्याकडे उपराष्ट्रपतींची निवडणूक वेगळी होते. अमेरिकेत मात्र अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार निवडतो आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. त्यामुळे दुसरे नाव बहुधा मतांकडे पाहूनच ठरते.

१९६० सालचेच घेऊ. जॉन केनेडी मॅसॅच्युसेट्सचे, वय ४३, श्रीमंत घरचे, शिवाय कॅथलिक. दक्षिणेतल्या मतदाराला हा माणूस आपला कसा वाटावा? केनेडींनी सोबत घेतले टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांना. उमेदवारीसाठी कालपर्यंत हेच त्यांच्याविरुद्ध उभे होते! सख्खा भाऊ रॉबर्ट नाराज झाला. पण जॉन्सन आगगाडीने दक्षिणेत फिरले, स्टेशनास्टेशनावर बोलले, आणि टेक्सस सुमारे ४६ हजार मतांनी पदरात पडले. निक्सन यांचे जोडीदार हेन्री कॅबट लॉज हेही मॅसॅच्युसेट्सचेच. ते राज्य निक्सनना काही मिळाले नाही. म्हणजे नुसता गाववाला घेऊन भागत नाही, हे आम्हां कचेरीतल्या चहाबाज राजकारण्यांनाही कळते.

मते मोजून झाली की दुसरे नाव लोक विसरतात. २२ नोव्हेंबर १९६३ ला त्याच टेक्ससमध्ये, डॅलस शहरात, केनेडींची हत्या झाली आणि जॉन्सन यांनी विमानातच शपथ घेतली. दक्षिणेच्या मतांसाठी घेतलेल्या या माणसाने १९६४ साली काळ्या नागरिकांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते प्रचंड मतांनी जिंकले, पण दक्षिणेतली पाच राज्ये त्यांच्या विरोधात गेली.