करार लिहितो कोण, सही करतो कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



करार म्हणजे दोन स्वतंत्र इच्छांचा मेळ, असे १८७२ चा करार कायदा गृहीत धरतो. एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो राजीखुशीने स्वीकारावा. बाजारात पोतेभर ज्वारी घेताना हे खरे असेलही. नोकरीच्या करारात मात्र प्रस्ताव लिहिणारा पक्ष नेहमी एकच असतो, आणि त्याच्या शेजारी वकील बसलेला असतो. मोठ्या कंपनीत कायदेविभाग असतो, मध्यम कारखानदाराचे सॉलिसिटर ठरलेले असतात. ज्याला तेही परवडत नाही असा दहा माणसांचा मालक दुसऱ्याच्या करारपत्राची नक्कल उतरवतो. त्यामुळे नोकरी सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्ध्याकडे जायचे नाही, ही संशोधन-अधिकाऱ्यासाठी लिहिलेली अट सामान पोहोचवणाऱ्या पोराच्या कागदावरही येऊन बसते. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उमेदवार एकटा असतो. कागद इंग्रजीत, पाने आठ, सहीला वेळ दहा मिनिटे.

मालकाने कायद्याचा सल्ला घेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. उलट नीट सल्ला घेणारा मालक कामगाराला पुष्कळदा बरा. तोंडी शब्दावर राबवून घेणारा आणि हजेरीपुस्तकही न ठेवणारा मालक अधिक घातक. प्रश्न इतकाच की हा सल्ला एकाच बाजूला का असावा. मालक थांबू शकतो, कामगार थांबू शकत नाही, हे अॅडम स्मिथने १७७६ सालीच ओळखले होते. आणि स्मिथला कोणी समाजवादी म्हटलेले नाही.

ही विषमता आपल्या कायद्याने एकदा चांगली ओळखली होती. स्थायी आदेशांचा, म्हणजे कामगारांच्या भाषेत स्टँडिंग ऑर्डर्सचा, १९४६ चा कायदा हा त्याचा पुरावा. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याच्या मालकाने सेवाशर्तींचा मसुदा प्रमाणन अधिकाऱ्याकडे द्यायचा. अधिकाऱ्याने त्याची प्रत युनियनकडे, युनियन नसल्यास कामगारांकडे पाठवायची. त्यांनी हरकती घ्यायच्या, दोन्ही बाजूंची सुनावणी व्हायची. आरंभी मसुदा न्याय्य आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नव्हता. १९५६ च्या दुरुस्तीने तो मिळाला. मंजूर आदेश कारखान्याच्या दाराजवळ, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही, फलकावर लावायचे. म्हणजे मालकाच्या वकिलाने लिहिलेला मसुदा सहीपूर्वी कामगारांच्या प्रतिनिधीने वाचायचा, ही गोष्ट या देशात कायदा होती. या तरतुदीचे महत्त्व चळवळीला स्वतःलाही पुरेसे उमगले नाही. पगारवाढीच्या लढ्यांपुढे स्टँडिंग ऑर्डर्सचा फलक फारसा कोणी वाचला नाही.

त्या फलकाची ताकद १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात दिसली. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या स्थायी आदेशांत उमेदवारीचा काळ दोन महिन्यांचा होता. कंपनीने एका कामगाराकडून सहा महिन्यांच्या उमेदवारीचा वेगळा करार लिहून घेतला. न्यायालयाने सांगितले, आदेश टिकेल, करार टिकणार नाही. वकिलाने कितीही कौशल्याने लिहिलेली अट सामूहिक नियमापुढे पडली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. नियुक्तिपत्र देणे त्यांनी मालकावर बंधनकारक केले, ते योग्यच झाले. पण स्थायी आदेशांची मर्यादा त्याच वेळी शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. दीडशे-दोनशे माणसांच्या कारखान्यात नियुक्तिपत्र आता हाती पडेल. मात्र त्यातील मजकुरावर हरकत घेण्याची सुनावणी केंद्रीय कायद्याने उरली नाही. कागद मिळाला आणि कागदावरचा आवाज गेला, असा हा व्यवहार आहे.

अशा कागदात सर्वांत चलनात असलेली अट बाँडची. करार कायद्याच्या २७ व्या कलमाने धंदा-व्यवसायास अटकाव करणारा करार निरर्थक ठरवला आहे. पण १९६७ साली कल्याणच्या सेंच्युरी कंपनीच्या टायरकॉर्ड विभागातील शिफ्ट सुपरवायझरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक केला: कराराची मुदत चालू असतानाचा निर्बंध वेगळा, नोकरी संपल्यानंतरचा वेगळा. पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या कारखान्यात गेलेल्या त्या माणसाला उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम राहिली. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात हाच धागा पुढे गेला. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे, ही अट न्यायालयाने वैध मानली. मात्र तेथे नोकरी सोडणारा वरिष्ठ व्यवस्थापक होता. बँक सार्वजनिक क्षेत्रातील, आणि खुल्या स्पर्धेने नव्याने भरती करण्याचा तिचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला होता. दरमहा पंधरा हजारांवर राबणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला तेच दोन लाख म्हणजे वर्षाहून अधिक पगार. मालकाचे वकील निकालाचा पहिला भाग दाखवतील, दुसरा कार्यकर्त्याने दाखवायचा आहे. शिवाय ७४ व्या कलमाप्रमाणे बाँडवरची रक्कम ही कमाल मर्यादा आहे. न्यायालय देते ती वाजवी भरपाई. ‘सोडलीस तर दोन लाख ठेव’ असे दटावणाऱ्या मालकाला हे ठाऊक असते, मुलाला नसते.

सल्लागार आणायचा कोठून, असा प्रश्न शाखांतून नेहमी येतो. १९७६ साली राज्यघटनेत ३९-क हा मोफत कायदेसाहाय्याचा अनुच्छेद आला, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना त्याचे हक्कदार ठरवले. त्या कायद्यातील ‘विधी सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत खटला चालवण्याबरोबरच कोणत्याही कायदेविषयक बाबीवर सल्ला देणेही येते. खटला होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तरी तालुका समितीच्या दाराशी नेमणुकीचा कागद घेऊन गेलेला कामगार क्वचितच दिसतो. जातो तो काढून टाकल्यावर. युनियनच्या कार्यालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावी, कागद सहीपूर्वी घरी आणण्याची सवय लावावी, आणि अवघड कलमे प्राधिकरणाच्या वकिलापुढे ठेवावीत.

वाचताना पहिली नजर बाँडच्या रकमेवर जाते, ते साहजिक आहे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अटही लगेच खटकते. पण शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या जरा वर, वाद कोणत्या शहराच्या न्यायालयात चालेल याची एक ओळ असते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी बँकेच्या करारातील अशी ओळ ग्राह्य धरली. पाटणा आणि दिल्ली येथे नोकरी केलेल्या कर्मचाऱ्यांना दाद मागण्यासाठी मुंबईचे न्यायालय गाठावे लागले.