तिसरी वाट उसातून जाते



आपली मुलगी बारावी सायन्स झाली की घरातून तिला दोनच वाटा दाखवल्या जातात: डी.फार्म नाहीतर डी.एड. मी तिसरी सांगायला उभी आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास केला. जंगलात नव्हे, प्रवरेकाठच्या उसात!

त्याआधी त्यांनी शेजारच्या जुन्नरच्या नोंदी तपासल्या होत्या. बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा आणि लांब नेऊन सोडायचा, हा तिथला शिरस्ता. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. धरपकड मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि सरासरी १७ वर गेली. जिथे सोडले, तिकडेही हल्ले पसरले. ‘घालवा एकदाचा’ हाच उपाय दुखणं वाढवत होता. कुणीतरी आकडे मांडले म्हणून हे कळलं.

मग अकोल्यात कॅमेरे लागले. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे, साधारण तितकेच तरस. आणि माणसं, एका चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त. बिबट्याची विष्ठा तपासली, तर आहारात कुत्री ३९ टक्के, शेळ्या ११. शेळ्या तर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त. पण त्या रात्री गोठ्यात असतात, कुत्री उकिरड्यावर.

पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये विहिरीत पडलेला ‘आजोबा’ तुम्हाला सिनेमामुळे माहीत असेल. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेजला सोडलं, तो चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. सिनेमात उर्मिला मातोंडकर होती, हे आपल्याला आठवतं. ती भूमिका कुणावर बेतली होती, ते नाही.

ज्या घरातलं लेकरू बिबट्यानं नेलं, त्या घरी हे आकडे घेऊन जायची माझी हिंमत नाही. पण पहाटे चाऱ्याला जाणारी बाई, कोपीत लेकरं ठेवून ऊस तोडणारी बाई, यांनी काय पाहिलं हे विचारायला त्यांच्या चुलीपाशी बसणारी अभ्यासक लागते. ती तांबोळ्यांची, बागवानांची का नसावी?

घरची पहिली हरकत रात्रीच्या कामाची असेल. मग नर्सिंगची रात्रपाळी चालते ती कशी?

प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करा. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळुरूचं एन.सी.बी.एस. आहे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते. माहितीचे कागद मी आणलेत. चहाच्या वेळी घ्या, आणि आईला सोबत घेऊन या.