आधी नोटा, मग नाणं


जुन्नर आणि आंबेगावच्या श्रोत्यांनो,

खोडदच्या दुर्बिणीच्या भल्यामोठ्या डिश तुम्ही पाहिल्याच असतील.
ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेची.
त्याच संस्थेत एकेकाळी एक तरुण गणितज्ञ काम करत होत्या.
डॉ. मंगला नारळीकर.

लग्न झालं, संसार आला, तीन मुली झाल्या.
सगळं सांभाळून १९८१ साली त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली.
पुढे आजी झाल्या.
ध्यास मात्र एकच.
मुलांची गणिताची भीती जायला हवी.

आठवतंय ना, २०१९ साल?
दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसचं वाचन ‘वीस एक’ असंही दिलं होतं.
केवढा गदारोळ झाला!
मंगलाताई तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष.
त्यांचं म्हणणं साधं होतं.
लिहिताना आपण आधी दोन लिहितो, मग एक.
बोलताना मात्र उलट.
लहान मूल तिथंच अडखळतं.
आणि बरं का, जुनी पद्धत काढलेली नव्हतीच!

घरी करून बघा.
नातवापुढे दहाच्या दोन नोटा ठेवा.
शेजारी रुपयाचं एक नाणं.
आधी नोटा, मग नाणं.
नारायणगावच्या बाजारात आपण पैसे असेच मोजतो की!
पुन्हा सांगते.
आधी नोटा, मग नाणं.
आधी दशक, मग एकक.

मंगलाताईंचं १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात निधन झालं.
त्यांचं ‘गणितगप्पा’ हे पुस्तक तुमच्या गावच्या शाळेत आहे का, विचारा.
नसेल, तर गुरुजींना मागवायला सांगा.