धाकटीचा संवाद कोण लिहिणार?



अंबरनाथ पश्चिमेत ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीपासून विम्को नाक्यापर्यंत संध्याकाळी चालत गेलात, तर घराघरांतून मालिकांची शीर्षकगीतं ऐकू येतात. आत थोरली आणि धाकटी बहीण शेजारी बसून एकच मालिका बघत असतात आणि दोघीही स्वतःला नायिकाच समजतात. कारस्थानी बहिणीत स्वतःला पाहणारी मला अजून भेटायची आहे. लेखकाने जिची बाजू घेतली नाही, त्या भावंडाबद्दल आज बोलायचं आहे.

‘रंग माझा वेगळा’ 2019 मध्ये स्टार प्रवाहवर आली. मूळ मल्याळम ‘करुतमुत्तु’. सावळ्या रंगापायी मुलीला किती सोसावं लागतं, हे या मालिकेने रोज रात्री दाखवलं. नायिका दीपाच्या बाजूने उभं राहणं योग्यच होतं. पण तिची गोरी सावत्र बहीण श्वेता? रंगाच्या तुलनेत दोघीही वाढल्या. एकीला त्या तुलनेने हिणवलं, दुसरीला चढवून ठेवलं. गोरेपणावर सगळं मिळतं असं ज्या पोरीला लहानपणापासून वाटत आलं, तिचंही काहीतरी नासतंच. आपण त्या नासण्याचा राग केला, विचारपूस क्वचितच केली.

बाजू घेणं संवादाच्या आधीच ठरतं. एकटेपणाचा प्रसंग कोणाला कसला मिळतो, ते बघा. नायिका एकटी असते तेव्हा देवघरासमोर डोळे पुसते. दुसरी एकटी असते तेव्हा खिडकीशी उभी राहून आपला बेत मोठ्याने बोलून दाखवते. तिला रडायला, पस्तावायला, नुसतं थकून बसायला वेळच दिलेला नसतो. यात लेखकाचा दुष्टपणा नाही. आठवड्याला सहा-सहा एपिसोड द्यायचे, दर गुरुवारी टीआरपीला तोंड द्यायचं. अशा वेळी खलनायिका घरातच असली की भांडण आयतं मिळतं, नवं लोकेशनही लागत नाही.

भावाच्या गोष्टीतही तेच. झी मराठीवर 2024 मध्ये आलेली ‘लाखात एक आमचा दादा’ घ्या. नाव बहिणींच्या तोंडचं, गोष्ट दादाची. चार बहिणींच्या लग्नाची काळजी त्याने वाहायची आणि आपण त्याच्यासाठी हळहळायचं. पण कुणाच्या तरी त्यागावर आपलं लग्न उभं आहे, या उपकाराचं ओझं आयुष्यभर बाळगणाऱ्या बहिणीला काय वाटतं? त्या चौघींतल्या एकीच्या डोळ्यांनी हीच गोष्ट लिहिली, तर ती वेगळीच होईल.

धाकटीची बाजू ऐकणं आपल्याला नवं नाही. तेराव्या शतकात ज्ञानेश्वर उद्विग्न होऊन ताटी लावून बसले, तेव्हा बाहेर उभी राहून त्यांना समजावणारी मुक्ताई चार भावंडांत सगळ्यात धाकटी होती. ताटीचे अभंग तिच्या नावावर आहेत. थोरल्याला चार शब्द सुनावण्याचा अधिकार मराठीने धाकटीला केव्हाच दिला आहे.

म्हणून पटकथाकारांना माझी एकच मागणी आहे. महिन्यातून एक एपिसोड दुसऱ्या भावंडाच्या बाजूने लिहा. पात्र निगेटिव्हच राहू द्या, फक्त त्याचा राग कुठून आला ते कळू द्या. चॅनेलवाले कुरकुर करतील, तेव्हा प्रेक्षकांनी लेखकाची पाठराखण करावी. तसे एपिसोड आवडले तर कळवा. नाही आवडले तरी का ते कळवा. नुसतं ‘ही मेली कधी सुधारणार’ म्हणून रिमोट बाजूला ठेवू नका.